तांब्यात ३५ न्यूट्रॉन? कुठल्या तांब्यात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची विद्यार्थी पुरवणी दर आठवड्याला आमच्याकडे येते, आधी मी वाचते मग माझ्या क्लासची पोरं वाचतात, आणि त्यातले सराव प्रश्न आम्ही खरंच वहीत सोडवतो, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. मागच्या पुरवणीत नववीसाठी एक प्रश्न होता, 'तांब्याचा अणुअंक २९ आणि अणुवस्तुमान ६३.५५ आहे, तर तांब्याच्या अणूत न्यूट्रॉन किती?' आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात उत्तर दिलंय, ३५. कसं काढलंय ते लगेच कळतं, ६३.५५ चे ६४ केले आणि त्यातून अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, २९ वजा केला, झालं.

हे उत्तर चुकलंय. आणि उत्तराच्या आधी प्रश्नच चुकलाय.

आमच्या परसात सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब आहे, थंडीच्या दिवसांत अजून आम्ही तो पेटवतो. त्या बंबाचा एकेक अणू सुटा करून कुणी मोजत बसलं तर काही अणूंत ३४ न्यूट्रॉन निघतील आणि काहींत ३६ निघतील, शंभरातले साधारण ६९ अणू ३४ वाले आणि बाकीचे ३१ अणू ३६ वाले. ३५ वाला एकही निघणार नाही. ३५ न्यूट्रॉनचं तांबं, म्हणजे तांबं-६४ (२९ प्रोटॉन आणि ३५ न्यूट्रॉन मिळून ६४), ते माणसाला अणुभट्टीत नाहीतर सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, मुद्दाम बनवावं लागतं आणि बनवलं तरी तेरा तासांच्या आत त्यातल्या अर्ध्याचं निकेल नाहीतर जस्त होऊन गेलेलं असतं. म्हणजे तुम्ही मुलांना जे उत्तर दिलंत ते घरातल्या कुठल्याच हंड्यात, कळशीत, वायरीत नाही. ३४ छापलं असतं तरी मी म्हटलं असतं अर्धं बरोबर आहे, ३६ छापलं असतं तरी म्हटलं असतं, पण ३५ ला काहीच आधार नाही हो.

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते आणि गेली २२ वर्षं घरीच आठवी ते दहावीचं सायन्स शिकवते. माझ्याकडे मराठी मीडियमची पण मुलं आहेत आणि सेमी-इंग्लिशची पण, आणि हा धडा आला की दोन्हीकडे गाडी एकाच जागी अडते. ती जागा म्हणजे अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान. नावं इतकी सारखी की मुलं तर गोंधळतातच पण प्रश्न काढणारी मोठी माणसंही गोंधळतात. अणुवस्तुमानांक म्हणजे एका अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती डोकी, ती मोजलेली संख्या आहे म्हणून ती कायम पूर्णांकच असते. अणुवस्तुमान, जे तक्त्यात दशांशात छापलेलं असतं, ते त्या मूलद्रव्याच्या सगळ्या प्रकारच्या अणूंचं सरासरी वजन. न्यूट्रॉन काढायचे तर पहिल्यातून अणुअंक वजा करायचा. पुरवणीने दुसऱ्यातून केला.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल, तर गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. माझ्याकडच्या एका मुलीला शाळेच्या घटक चाचणीत प्रश्न आला, क्लोरीनच्या अणूत किती न्यूट्रॉन असतात. तिने लिहिलं, क्लोरीन-३५ असेल तर १८, क्लोरीन-३७ असेल तर २०. एका मार्काचा प्रश्न आणि तिला शून्य, कारण उत्तरसूचीत होतं १८.५. साडेअठरा न्यूट्रॉन! अर्धा न्यूट्रॉन कुणी कधी पाहिलाय का, पण ३५.५ मधून १७ गेले की १८.५ येतात, वजाबाकी बरोबर आहे म्हणून उत्तर बरोबर. ती पेपर घेऊन माझ्याकडे आली, समोर ठेवला आणि काही न बोलता त्या लाल फुलीकडे बघत बसली. मी म्हटलं अगं तुझंच बरोबर आहे, सरांना जाऊन विचार, तर ती म्हणाली, विचारलं मॅडम, सर म्हणाले सूचीत जे आहे तेच. पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न परत आला. तिने १८.५ लिहिलं आणि मार्क मिळवला.

त्या एका मार्काने मला फार वाईट वाटलं. जिला कळलं होतं तिने न कळल्यासारखं लिहायला शिकून घेतलं.

मी हा धडा काड्यापेट्यांनी शिकवते. दुकानातून बारीक मणी आणायचे, लाल आणि पांढरे, सगळे एका मापाचे आणि एका वजनाचे. चार रिकाम्या काड्यापेट्या घ्यायच्या, प्रत्येकीत १७ लाल मणी टाकायचे, ते प्रोटॉन. मग तीन पेट्यांत १८ पांढरे आणि चौथीत २० पांढरे, ते न्यूट्रॉन. पेट्या बंद करून मिसळून टाकायच्या आणि मुलांना विचारायचं, यातली क्लोरीनची पेटी कुठली? पोरं खोक्यांकडे बघत बसतात, बाहेरून सगळ्या सारख्याच. मग उघडून मोजायला लावते, आणि लाल १७ आहेत म्हणजे चारही क्लोरीनच हे त्यांचं त्यांनाच कळतं, कारण क्लोरीन कोण हे १७ वरून ठरतं, लाल एक वाढला की तो आरगॉन झाला आणि एक कमी झाला की गंधक. पांढरे कमीजास्त झाले तर मूलद्रव्य बदलत नाही, फक्त पेटी हलकी किंवा जड होते. मग सगळे मणी एकत्र करून मोजायचे, ३५ त्रिक १०५ आणि ३७, एकूण १४२, भागिले ४, आले ३५.५. हे फळ्यावर लिहिलं की दरवर्षी कुणीतरी एक पोर विचारतंच, ओ मॅडम, पण साडेपस्तीस मणी कुठल्या पेटीत आहेत?

कुठल्याच नाहीत. हाच तर धडा आहे, आणि तो पोराच्या तोंडून आला की माझं काम झालं.

हुशार मुलं लगेच पुढचं विचारतात की तक्त्यात ३५.४५ का लिहिलंय, आपले तर ३५.५ आले. त्याला दोन कारणं आहेत, एक म्हणजे प्रमाण अगदी तीनास एक नाहीये, शंभरात ७५.८ आणि २४.२ असं आहे, आणि दुसरं म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन केंद्रकात घट्ट बांधले गेले की त्यांचं वजन सुट्या वजनापेक्षा किंचित कमी भरतं, म्हणून क्लोरीन-३५ चं खरं वजन ३४.९७ आहे आणि क्लोरीन-३७ चं ३६.९७. मण्यांना हे जमत नाही. नववीला एवढं खोलात जायची गरज नाही पण विचारलं तर सांगावं, दडवू नये.

आणि या साडेपस्तीसाने एकट्या आमच्या मुलांनाच नाही छळलेलं. १८१५ मध्ये विल्यम प्राउट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने म्हटलं होतं की सगळ्या मूलद्रव्यांची वजनं हायड्रोजनच्या पटीत आहेत, म्हणजे सगळं बहुतेक हायड्रोजनपासूनच बनलेलं असावं. कल्पना सुंदर होती आणि बऱ्याच मूलद्रव्यांना लागूही पडत होती, पण क्लोरीनपाशी अडली. जितकं नीट वजन करावं तितकं ते ३५.५ च्या आसपासच यायचं, ३५ ही होईना आणि ३६ ही होईना. शंभर वर्षं हे कोडं तसंच राहिलं. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी मांडलं की एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असू शकतात, तेच समस्थानिक, आणि मग पहिल्या महायुद्धानंतर केंब्रिजला फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी वस्तुमान मोजायचं यंत्र बनवून क्लोरीन त्यात सोडला. ते यंत्र समजायला सोपं आहे, अणूला विद्युतभार द्यायचा, जोरात पळवायचा आणि वाटेत त्याला वळवायचं. घाटात रिकामा टेम्पो आणि भरलेला ट्रक एकाच वेगाने वळले तर ट्रक बाहेर ओढला जातो, तसे जड अणू कमी वळतात आणि हलके जास्त, आणि फोटोच्या काचेवर त्यांच्या वेगवेगळ्या रेषा उमटतात. क्लोरीनच्या रेषा ३५ आणि ३७ ला आल्या. ३५.५ ला रेषाच नव्हती! अ‍ॅस्टनना १९२२ चं नोबेल मिळालं. म्हणजे ज्या आकड्यावर संशोधकांनी शंभर वर्षांनी फुली मारली त्याच आकड्याला आपल्याकडे उत्तरसूचीत बरोबरची खूण मिळते.

यातली आणखी एक गोष्ट मुलांना मी आवर्जून सांगते, की समस्थानिकांचा शोध लागला तेव्हा न्यूट्रॉन माहीतच नव्हता. न्यूट्रॉन जेम्स चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. १९ वर्षं लोकांना एवढंच दिसत होतं की एकाच जागेवर बसणारे अणू वेगवेगळ्या वजनाचे आहेत, पण वजन कशाने वाढतंय ते दिसत नव्हतं. सॉडींना आयसोटोप हा शब्दही एका डॉक्टर बाईंनी सुचवला, मार्गारेट टॉड त्यांचं नाव, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तीच जागा. आणि आपला मराठी शब्द बघा, समस्थानिक! सम स्थान, आवर्तसारणीत एकाच घरात बसणारे. शब्दातच पूर्ण व्याख्या आहे. सेमीच्या मुलांना आयसोटोप पाठ असतं पण त्याचा अर्थ विचारला तर गप्प बसतात, म्हणून मी त्यांच्याही वहीत समस्थानिक लिहायला लावते, परीक्षेत काहीही लिहा पण डोक्यात हा शब्द राहू दे.

आता पूर्णांक करून वजाबाकी करायची ही सवय लागते कुठून, याचा मी बराच विचार केलाय आणि मला वाटतं दोष मुलांचा नाहीच. आपण शिकवतो पहिली २० मूलद्रव्यं, आणि तिथे ही युक्ती जवळपास सगळीकडे चालते. कार्बन १२.०१ चे १२, त्यातून ६ गेले, ६ न्यूट्रॉन, बरोबर, कारण शंभरात ९९ कार्बन तसलेच आहेत. सोडिअम २२.९९ चे २३, त्यातून ११ गेले, १२, शंभर टक्के बरोबर कारण निसर्गात सोडिअम एकाच प्रकारचं आहे. अ‍ॅल्युमिनिअमचंही तसंच, १४ न्यूट्रॉन, आणि पुढे सोन्याचंही, सोनं म्हणजे फक्त सोनं-१९७, ११८ न्यूट्रॉन, तुमच्या मंगळसूत्रात असो की बँकेच्या लॉकरमध्ये. अशी दहा-पंधरा उदाहरणं बरोबर आली की मुलाला वाटतं हाच नियम. क्लोरीन तेवढा मधे पाय घालतो, त्यातही पुस्तकात ३५.५ असेल तर कुणी १८.५ लिहितं, कुणी पुढचा पूर्णांक करून १९ लिहितं, कुणी मागचा करून १८, एका वर्गात तीन उत्तरं. आणि एकदा विसाच्या पुढे गेलं की युक्ती पुष्कळदा साफ फसते. तांब्याचं सांगितलंच. चांदीचं बघा, अणुअंक ४७, वजन १०७.८७, करा १०८, वजाबाकी ६१. पण पैंजणातल्या चांदीत अर्ध्याहून थोडे जास्त अणू ६० न्यूट्रॉनचे आहेत आणि बाकीचे ६२ चे, ६१ चा कुणीच नाही. ब्रोमीनचंही हेच, ८० करून ४५ काढतात आणि निसर्गात आहेत ४४ आणि ४६.

पण मला सगळ्यात आवडतं ते कथील. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता चालवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि तापलेल्या पातेल्यात कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने एका दमात आतून चकचकीत करून द्यायचा. त्या एवढ्याशा पातळ थरात दहा प्रकारचे कथील असतात. दहा! सगळी टिकाऊ, आपोआप न बदलणारी. एवढी टिकाऊ समस्थानिकं दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याला नाहीत. कमीत कमी ६२ न्यूट्रॉन आणि जास्तीत जास्त ७४. बाहेरून तांबं दोन प्रकारचं आणि आतून कथील दहा प्रकारचं, असं ते एक पातेलं. कथलाचं सरासरी वजन ११८.७१, पूर्णांक केला तर ११९, वजाबाकी केली तर ६९, आणि ६९ न्यूट्रॉनचं कथील प्रत्यक्षात शंभरात नऊसुद्धा भरत नाही, सगळ्यात जास्त आहे ते ७० वालं, शंभरात साधारण ३३. कथलालाच एवढी का, तर त्याचे प्रोटॉन ५० आहेत आणि केंद्रकात काही आकडे असे आहेत की तेवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन झाले की मांडणी फार पक्की बसते, ५० हा त्यातला एक. हे का होतं ते उलगडणाऱ्यांमध्ये मारिया गोपर्ट मायर होत्या, कित्येक वर्षं विद्यापीठांनी त्यांना पगाराची नोकरी दिली नाही तरी काम करत राहिल्या आणि १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं. मुलींच्या बॅचला हे मी दरवर्षी सांगते.

हे सगळं फक्त मार्कांपुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. चार वर्षांपूर्वी माझ्या नणंदेला थायरॉईडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले आता आयोडीन द्यायचं, रेडिओअ‍ॅक्टिव्ह. त्याच्या आधी पंधरा दिवस आयोडीनचं मीठ बंद करायला सांगितलं, मासे बंद, दूधदुभतं कमी. घरात एकच गोंधळ. सासूबाई म्हणायला लागल्या की आयोडीन एवढं वाईट आहे तर आपण इतकी वर्षं मिठातून खातोय त्याचं काय, तीस रुपयांचं मीठ आणून आपणच तिला आजारी पाडलं का? आणि दीर विचारत होते की एकीकडे आयोडीन बंद करा म्हणतात आणि दुसरीकडे आयोडीनच पाजणार, हा काय प्रकार? मी त्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याच काड्यापेट्या मांडल्या. सांगितलं की हे बघा, मिठातलं आयोडीन म्हणजे आयोडीन-१२७, त्यात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन, ते कधीच काही करत नाही, जन्मभर खा, खायलाच पाहिजे. दवाखान्यातलं आयोडीन म्हणजे आयोडीन-१३१, प्रोटॉन तेच ५३ आणि न्यूट्रॉन ७८. चार जास्त. त्या चारामुळे केंद्रकाचा तोल जातो, त्यातला एक न्यूट्रॉन बदलून प्रोटॉन होतो, ५३ चे ५४ होतात म्हणजे आयोडीनचा झेनॉन होतो, आणि हे होताना जे किरण बाहेर पडतात ते आजूबाजूच्या पेशी मारतात.

पण गळ्यातल्या त्या ग्रंथीला हा फरक कळत नाही. तिला बाहेरचे इलेक्ट्रॉन कळतात आणि ते दोन्हीकडे सारखेच. शरीर केंद्रकात डोकावत नाही. म्हणूनच मीठ बंद करून उरल्यासुरल्या पेशींना आयोडीनसाठी उपाशी ठेवायचं आणि मग समोर आयोडीन-१३१ ठेवायचं, त्या ते घाईने ओढून घेतात आणि आतूनच मरतात. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे मिठाचा दोष नाही ना? एवढंच त्यांना हवं होतं. नणंदेला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा आमच्याच नात्यातले काही लोक महिनोन् महिने तिच्या हातचा चहा घेत नव्हते. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यात शरीरही ते बाहेर टाकत असतं, ८० दिवसांनी हजारातला एक भागसुद्धा उरत नाही. हे त्यांना कुणी शाळेत नीट सांगितलं असतं तर ती बाई सणाला एकटी बसली नसती. आता ती ठणठणीत आहे.

कोबाल्टचं पण तसंच. बी-१२ ची इंजेक्शनं घरोघरी घेतात, त्या बी-१२ च्या रेणूत मधोमध एक कोबाल्टचा अणू असतो, कोबाल्ट-५९, ३२ न्यूट्रॉन, निरुपद्रवी. त्याच कोबाल्टला अणुभट्टीत एक न्यूट्रॉन जास्त दिला की झाला कोबाल्ट-६०, ज्याचे किरण लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवर सोडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते २००२ मध्ये सुरू केलं. कांद्यावरून किरण जातात, कोबाल्ट बंदिस्त नळ्यांतच राहतो, कांदा काही रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही, तरी अजून लोक मला विचारतात की मॅडम तो कांदा खावा का. मी खाते.

तर सांगायचं एवढंच की नुसतं आयोडीन, नुसतं कोबाल्ट, नुसतं तांबं म्हटलं तर न्यूट्रॉन किती या प्रश्नाला उत्तरच नसतं. कुठलं ते सांगावं लागतं. आयोडीनचं सरासरी वजन १२६.९०, तुमच्या पुरवणीच्या रीतीने ७४ न्यूट्रॉन येतील, आणि ते मिठासाठी बरोबर आहे पण नणंदेच्या औषधासाठी चूक.

जाताजाता एक छपाईची गोष्ट, ती पण बघा. एखादं समस्थानिक चिन्हाने लिहिताना वर अणुवस्तुमानांक आणि खाली अणुअंक लिहायची पद्धत आहे, पण भिंतीवरच्या तक्त्यात बहुतेक वेळा वर अणुअंक असतो आणि खाली सरासरी वजन. पोरं दोन्ही एकच समजून वरचा आकडा उचलतात. पुरवणीत आकडे देताना कुठला आकडा काय ते शब्दांत लिहिलंत तर बरं होईल. आणि विद्युतभाराचा न्यूट्रॉनशी काही संबंध नसतो, सोडिअमचा आयन, म्हणजे भार आलेला अणू, झाला तरी न्यूट्रॉन १२ च, हेही एकदा कधीतरी छापा, वजाबाकीत भार पण वजा करणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात.

माझी विनंती अशी आहे की पुढच्या पुरवणीत त्याच जागी दुरुस्ती छापावी, कोपऱ्यात नको. प्रश्न असा करता येईल, 'तांब्याचा अणुअंक २९ आहे. तांबे-६३ आणि तांबे-६५ या समस्थानिकांत प्रत्येकी किती न्यूट्रॉन आहेत?' उत्तर ३४ आणि ३६. आणि खाली एक ओळ, की तक्त्यातलं ६३.५५ हे या दोघांचं सरासरी वजन आहे, त्यावरून न्यूट्रॉन काढू नयेत. जागा फार लागणार नाही. प्रश्न तपासून द्यायला कुणी हवं असेल तर मी दर आठवड्याला तपासून देईन, पैसे नकोत.

ती क्लोरीनवाली मुलगी आता दहावीला आहे, अजून माझ्याकडे येते आणि तुमची पुरवणी तीही वाचते. तांब्याच्या प्रश्नावर तिने पेन्सिलीने '३४ / ३६' लिहिलं होतं आणि मग पुरवणीतलं उत्तर बघून ते खोडलं होतं, पण खोडलेलं कागदावर दिसतंय. दुरुस्ती छापून आली की ते कात्रण मी तिला देणार आहे.

आपली वाचक,
एक शिक्षिका, जि. सांगली